चौदा दिवसांच्या गोळ्या

आमचे राहू गाव दौंड तालुक्यात, मुळा-मुठेच्या काठावर आहे. उत्तरेकडून भीमा येते, वाळकी आणि रांजणगाव सांडसच्या बाजूला दोन्ही नद्या एकमेकींना मिळतात आणि मधल्या टापूला सगळे राहू बेट म्हणतात. ऊस आणि गूळ ही आता या बेटाची ओळख. हंगामात रात्री गावात शिरताना गुऱ्हाळांच्या चुलवाणांचा जाळ आणि उकळत्या रसाचा वास आधी भेटतो, माणसे नंतर. मुसलमानांची घरे मोजकीच, त्यांतले एक आमचे, मुलाण्याचे. कब्रस्तानात लिंबाच्या झाडाखाली एक छोटी कबर आहे. तिच्यावर दगड नाही, नाव नाही. शब-ए-बरातला आम्ही भावंडे तिथे उदबत्ती लावतो. ती आमच्या सर्वांत धाकट्या भावाची.

तो १९७६ साली गेला. त्या वर्षी रमजान आणि गणपती एकाच आठवड्यात आले होते. पाऊस चांगला होता, घराभोवती डबकी साचली होती आणि अम्मा रोजे धरून घर, गोठा आणि आम्हा पाच जणांना सांभाळत होती. धाकट्याला अडीच वर्षे पूर्ण झाली होती. पहिल्या दिवशी त्याला ताप आला आणि दोन उलट्या झाल्या. पोट बिघडले असेल म्हणून ओवा-शोपेचे पाणी पाजले. दुसऱ्या दिवशी तो अंगणात कोंबड्यांमागे धावत होता. तिसऱ्या दिवशी पुन्हा ताप. शेजारच्या दादी म्हणाल्या, "नजर लगी बच्चे कू." मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकली, तावीज आणला, दम केलेले पाणी पाजले. चौथ्या दिवशी सकाळी तो उठलाच नाही. डोळे अर्धवट उघडे, हाक मारली तर ओ नाही, तोंडात घातलेले पाणी ओठांच्या कडेने खाली आले. मग आकडी आली. बैलगाडी जुंपून अब्बा निघाले, पण दवाखाना गाठायच्या आतच सारे संपले. आसेब होता, असे बायका पुढे किती तरी वर्षे बोलत राहिल्या. अम्मा तेव्हाही काही बोलली नाही, पुढेही नाही.

त्याचे रक्त कुणी काचपट्टीवर घेतले नाही, त्यामुळे तो हिवतापानेच गेला असे आम्ही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण पुढे हिवतापाविषयी वाचायला लागलो, तेव्हा त्या चार दिवसांचा एकेक तास आम्हाला त्यात दिसत गेला.

ते वर्षच तसे होते. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरसाल साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे मरत, असा सरकारी अंदाज होता. मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ मध्ये धारवाड आणि कारवारकडच्या जिल्ह्यांत डीडीटीची फवारणी करून पाहिली. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये तो निर्मूलनाचा झाला आणि १९६५ च्या सुमारास रुग्ण लाखाच्या आसपास आले. जिंकलो, असे सगळ्यांना वाटले. हात सैल पडला. डास डीडीटीला दाद देईनात, पैसा आणि औषध अपुरे पडले आणि १९७६ मध्ये नोंदलेल्या रुग्णांचा आकडा ६४ लाखांवर गेला. त्या ६४ लाखांत आमचा भाऊ नाही. त्याची नोंद कुठेच झालेली नाही.

आणि इथे आमच्या घराचा दोष सांगायला हवा. तेव्हा हिवतापाचा कर्मचारी सायकलवरून येई, घरात कुणाला ताप आहे का विचारी, बोटाला सुई टोचून रक्त घेई, चार गोळ्या देई आणि दाराजवळच्या भिंतीवर तारीख लिहून जाई. फवारणीची टोळी पंप घेऊन येई. आमच्याकडे तिला ओसरी आणि गोठा एवढेच मोकळे होते. आत बायका, पडद्याचे घर, परके पुरुष माजघरात कसे शिरणार? पण हिवतापाचा डास रक्त पिऊन जड झाला की आतल्या अंधाऱ्या भिंतीवरच विसावतो. ओसरी फवारून त्याचे काय बिघडणार? ही झाली एक गोष्ट. दुसरी, ते आणीबाणीचे वर्ष होते. नसबंदीच्या गाड्या गावोगाव फिरत होत्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही त्याच वर्षी मंजूर केले होते, पुढे ते अमलात आले नाही ही गोष्ट वेगळी. सरकारी पिशवी खांद्याला लावलेला कोणीही माणूस दिसला की आमच्या आळीतले पुरुष उसात जाऊन बसत. भिंतीवर तारीख लिहिणारा तो गरीब माणूसही त्यांना नसबंदीवालाच वाटे. त्या महिन्यात तो आमच्या दारी आला होता आणि "कोई बीमार नहीं" म्हणून आम्हीच त्याला परत पाठवले होते. भीती खोटी नव्हती. पण तिची किंमत कुणी मोजली, हे आम्ही विसरू शकत नाही.

हिवतापाचे चित्र आपल्या डोक्यात ठरलेले असते. आधी हुडहुडी, वाकळावर वाकळ घातली तरी न थांबणारी थंडी, मग भट्टीसारखा ताप, मग घाम, आणि एक दिवस सोडून पुन्हा तेच. म्हणून जुनी माणसे त्याला पाळीचा ताप म्हणत. इब्न सीनाने आपल्या 'अल-कानून'मध्ये अशा पाळीच्या तापांचे प्रकार हजार वर्षांपूर्वी लावून ठेवले आहेत. हे चित्र मोठ्या माणसाचे म्हणून खरे आहे. पाच वर्षांच्या आतले मूल मात्र या चित्राप्रमाणे आजारी पडेलच असे नाही. त्याला थंडी वाजणार नाही, ताप दिवसभर चढाउतार करील, उलट्या होतील, जुलाब होतील, कधी खोकलाही असेल. मूल चिडचिडे होते, दूध सोडते, निपचित पडते. घरातले म्हणतात पोट बिघडले, दात येतायत, नजर लागली. मध्ये एक दिवस ते खेळते आणि सगळे निर्धास्त होतात. आमचा धाकटा तसाच खेळला होता.

म्हणून नुसते चेहऱ्याकडे बघून हिवताप ओळखता येत नाही, मोठ्या डॉक्टरलाही नाही. रक्त तपासावे लागते. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-अडीच महिन्यांत मुलाला ताप आला, किंवा ते हिवतापाच्या भागातून आलेले असले, तर त्याच दिवशी तपासावे. काचपट्टीवर दोन डाग घेतात, एक जाड, एक पसरलेला. जाड डागात जंतू आहे की नाही ते कळते, पसरलेल्यात तो कोणता ते कळते. आता पंधरा-वीस मिनिटांत निकाल देणारी पट्टीही आली आहे, ती आशाताईंच्या पिशवीत असते. जंतूची जात कळणे महत्त्वाचे, कारण आपल्याकडे मुख्यतः दोन जाती आढळतात. व्हायवॅक्स छळतो आणि परत परत येतो. फॅल्सिपेरम मेंदूपर्यंत जातो आणि लहान मुलाला एक-दोन दिवसांत नेऊ शकतो. तापात मुलाला आकडी आली, ते हाकेला ओ देईना, पाणी-दूध घेईना, जे घेतले ते सगळे ओकू लागले, श्वास जोरजोरात चालू लागला, तळहात आणि पापण्या आतून पांढऱ्या पडल्या, लघवी काळसर झाली किंवा डोळे पिवळे झाले, तर तावीज, सुई, सलाइन यांत एक तासही घालवू नये. मुलाला थेट मोठ्या दवाखान्यात न्यावे. तिथे आर्टेसुनेटचे इंजेक्शन शिरेतून देतात. ते आर्टेमिसिनिनच्या घराण्यातले औषध. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चीनच्या तू यूयू या बाईंनी सोळाशे वर्षांपूर्वीचा एक वैद्यकग्रंथ वाचून ते एका वनस्पतीतून काढले. २०१५ चे नोबेल त्यांना मिळाले.

२०१३ च्या पावसाळ्यात आमच्या बहिणीची मुलगी, वय चार, आजोळी आली आणि तिला ताप आला. बाजारच्या एका डॉक्टरने न तपासता सुई टोचली, एक बाटली सलाइन लावले. दोन दिवस उतार, मग पुन्हा ताप. अम्मा तोवर सत्तरीच्या पुढे गेली होती. तिने मुलीला गोधडीत गुंडाळले आणि खिडक्या लावून घेतल्या. थंडी वाजते आहे तोवर पांघरूण ठीक, पण ताप चढल्यावर गोधडी म्हणजे आगीवर चिपाड टाकणे. योग असा की त्याच दुपारी मशिदीचे पेशइमाम अब्बांना भेटायला आले. आम्हाला वाटले आता दमाचे पाणी होणार. ते म्हणाले, ताप जहन्नमच्या आचेतला आहे, तो पाण्याने शांत करा असे हदीसमध्ये आहे, मग ही गोधडी कशाला? कोमट पाण्याने अंग पुसा. आणि दम मी करतो, पण आधी रक्त तपासून आणा. आम्ही मदरशात शिकलेल्या माणसाला उगाच कमी लेखत आलो होतो, हे त्या दिवशी कळले.

रक्तात व्हायवॅक्स निघाला. तिच्या वयाला क्लोरोक्विनच्या गोळ्या पहिल्या दोन दिवशी एकेक आणि तिसऱ्या दिवशी अर्धी. वय आणि वजन पाहून मात्रा ठरते, तेव्हा एकाची चिठ्ठी दुसऱ्याने वापरू नये. गोळी उपाशीपोटी द्यायची नाही. दिल्यावर अर्ध्या तासात मूल ओकले तर तीच मात्रा पुन्हा द्यायची. तापाला पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही. तिसऱ्या दिवशी मुलगी उठून बसली आणि भाकरी मागू लागली.

खरी परीक्षा पुढे होती. क्लोरोक्विन रक्तातले जंतू मारते, पण व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात. ते महिन्याने, सहा महिन्यांनी जागे होतात आणि ताप पुन्हा येतो, नवा डास चावलेला नसतानाही. त्यांना मारायला प्रायमाक्विन. पूर्वी आपल्या देशात ती पाच दिवस देत. तेवढ्याने भागत नाही असे दिसल्यावर चौदा दिवसांची पद्धत आली. एका वर्षाच्या आतल्या बाळाला आणि गरोदर बाईला ती देत नाहीत. काहींच्या रक्तात जन्मतः एका विकराची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटतात. म्हणून लघवी चहासारखी झाली तर गोळी बंद करून तडक दवाखाना गाठायचा. आरोग्य केंद्रातल्या बाईंनी हे सगळे समजावून सांगितले होते. पण ठणठणीत दिसणाऱ्या मुलीला रोज कडू गोळी देणे आजीच्या जिवावर येते. सहाव्या दिवशी अम्मा म्हणाली, "बुखार उतर गया ना, अब कायकू गोल्यां?" आम्ही शेतीच्या घाईत होतो, लक्ष दिले नाही. उरलेल्या आठ गोळ्या कपाटात राहिल्या.

बकरी ईद झाल्यानंतर मुलीला पुन्हा हुडहुडी भरली. त्या वेळी ती तिच्या घरी होती. बहिणीने फोन केला, तेव्हा अम्माने आमच्या हातातून फोन घेतला आणि काहीच न बोलता परत दिला. कपाटातली पुडी काढून ती गोळ्या मोजत बसली. त्या रात्री पहिल्यांदा तिने धाकट्याचा विषय काढला. त्याच्या तोंडातून पाणी बाहेर आले होते, एवढेच म्हणाली. मुलीचा सगळा उपचार पुन्हा पहिल्यापासून झाला. चौदा दिवस अम्मा रोज संध्याकाळी, मगरिबनंतर, फोन लावून गोळी दिली का विचारी आणि आमच्याकडच्या कॅलेंडरवर रेघ मारी. मुलगी आता कॉलेजात आहे. पुन्हा ताप आला नाही.

आता डासांविषयी. गावात सगळे खापर मुळा-मुठेवर फुटते. पुण्याची सारी घाण घेऊन ती येते, जलपर्णीने भरते, संध्याकाळी डासांचे ढग उठतात. त्रास खरा आहे आणि त्याबद्दल पुणेकरांना जाब विचारायलाच हवा. पण घाण पाण्यात वाढणारा तो डास बहुतेक क्युलेक्स, तो हिवताप देत नाही. हिवतापाच्या अ‍ॅनॉफिलिसला स्वच्छ, साचलेले पाणी आवडते. गळक्या पाइपलाइनीखालचे डबके, चारीतले थांबलेले पाणी, विहिरी, बांधकामाची टाकी, गोठ्यामागचे जनावरांच्या खुरांचे खळगे. भिंतीवर तो शेपूट वर करून तिरपा बसतो. त्याची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते, क्युलेक्सची डोके खाली करून लटकते. मुलांना हे एकदा दाखवले की ती पुढे आपणहून शोधतात. चावणारी मादी असते आणि ती रात्री चावते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तो वेगळा. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस पाण्याची भांडी कोरडी करा असे सांगतात त्याचे कारण हेच.

मशिदीत वजूचा हौद आहे. जुन्या मशिदींतून हौदात मासे सोडायची रीत होती. आमच्या हौदातले मासे कधी संपले कुणालाच आठवत नव्हते, अळ्या मात्र वळवळत होत्या. रोज पाच वेळा अंग पाक करायचे ते या पाण्याने! आरोग्य खात्याकडून गप्पी मासे मिळाले, ते सोडले. जुम्याच्या बयानानंतर पेशइमामांनी हौदाचाच दाखला देऊन घरोघरचे रांजण झाकायला सांगितले. आमच्या दहा भाषणांपेक्षा ते जास्त चालले. औषध लावलेली मच्छरदाणी, मुलांना संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे, खिडक्यांना जाळी, एवढे बहुतेकांना जमते. मच्छरदाणीत आधी मुले आणि गरोदर बाई झोपावी, घरचा कर्ता पुरुष नंतर. आमच्या घरात हा क्रम उलटा करायला दोन भांडणे झाली.

डासामुळे हिवताप होतो हे शोधणाऱ्या रोनाल्ड रॉसचे नाव शाळेत पाठ केले होते. सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी त्याला डासाच्या पोटात जंतू सापडले. ते डास ज्याच्या अंगावर पोसले होते त्या रुग्णाचे नाव हुसेन खान, हे शाळेने सांगितले नाही. त्याला डासामागे एक आणा मिळाला. पुढे कलकत्त्यात रॉसच्या हाताखाली राबणारा मदतनीस महंमद बक्ष. १९०२ चे नोबेल रॉसला मिळाले. जुन्या पुस्तकांतून आपली माणसे अशीच, तळटिपेत भेटतात.

आता तर लसही आली आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली आर-२१ ही लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट तयार करते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली आणि जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये ती मुलांना द्यायला सुरुवात झाली. जगात २०२३ साली हिवतापाने सुमारे सहा लाख माणसे गेली, त्यांत बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुले. सीरमचा पसारा हडपसर-मांजरीचा, म्हणजे आमच्याच नदीच्या वरच्या अंगाला. ही लस फॅल्सिपेरमवर आहे, आपल्या भाचीला झालेल्या व्हायवॅक्सवर नाही, आणि आपल्याकडे रुग्ण घटल्याने आपल्या लसीकरणात तिचा समावेश नाही. २०२३ मध्ये देशात नोंदलेले रुग्ण सव्वादोन लाखांच्या आसपास होते, मृत्यू ८३. ६४ लाखांवरून इथवर आलो. पण १९६५ मध्येही असाच आनंद झाला होता.

गेल्या हंगामात शेजारच्या गुऱ्हाळावर उत्तर प्रदेशातून आलेले एक कुटुंब होते. चिपाडाच्या ढिगाला टेकून कोप, तिला ना दार, ना जाळी. त्यांचे तीन वर्षांचे पोर तापाने फणफणले होते आणि आई काहिलीजवळून हलू शकत नव्हती. अम्मा काठी टेकत गेली. तिची दखनी आणि त्या बाईची हिंदी, दोघींचे जमले. पोराच्या रक्तात व्हायवॅक्स निघाला. आशाताई रोज येऊन गोळी देत, त्या आल्या नाहीत त्या दिवशी अम्मा जाई. नवव्या दिवशी गुऱ्हाळमालकाचा ऊस संपला आणि मुकादमाने सगळ्यांना दुसऱ्या तालुक्यातल्या गुऱ्हाळावर हलवले. टेम्पो उभा असताना आशाताईंनी पाच गोळ्या पाच पुड्यांत बांधून दिल्या, तिकडच्या केंद्रासाठी चिठ्ठी दिली. त्या बाईला वाचता येत नव्हते, म्हणून अम्माने पुड्या एका दोऱ्यात ओवल्या आणि रोज एक तोडायची असे सांगितले. आमचा नंबर तिच्या नवऱ्याच्या मोबाइलमध्ये घातला.

पाचव्या दिवशी फोन वाजेल म्हणून अम्मा मोबाइल उशाशी घेऊन बसली होती. मगरिब झाली, इशा झाली. फोन आला नाही. सहाव्या दिवशी सकाळी आम्हीच लावला, तो बंद होता. दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. ती बाईच होती, मुकादमाच्या मोबाइलवरून बोलत होती. "अम्माजी, धागा खाली हो गया," ती म्हणाली. मागे पोराचा रडण्याचा आवाज येत होता, चांगला खणखणीत. अम्माने तिला लघवीचा रंग विचारला, भूक विचारली, आणि मग नव्या कोपेला मच्छरदाणी आहे का ते विचारले. ती नव्हती.